आईचं कच्चं

३ जून

ताईस,

'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही आणि 'प्रिय' लिहिलं तर तुझाच विश्वास बसणार नाही, म्हणून नुसतंच ताईस. चार वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही चार ओळींचं. वर्षाला एक ओळ पडली. काटकसर तू आईकडून घेतलीस, माझ्या वाट्याला तिचे गुडघे आले.

तब्येतीची चौकशी नाही, कशी आहेस नाही. 'यंत्रावर "कच्चं – आई" नावाचा फोल्डर आहे. मी रिकामी डिस्क पाठवते आहे, तीत तो उतरवून परत पाठव. तोवर काहीही काढू नकोस.' शेवटच्या वाक्याखाली रेघ. बावीस वर्षं काचेबाहेर बसून लोकांना 'पुन्हा वाचा' म्हणत आलेल्या बाईला साधी विनंती कुठून जमणार?

तर ऐक. तू एका सकाळी किल्ल्या टेबलावर ठेवून गेलीस, आणि अंधांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करायची ती खोली माझ्या गळ्यात पडली. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही मुद्रितशोधक आहात, चुका काढणं तुमच्या रक्तातच आहे." मला वाटलं स्तुती केली. आता कळतं, फुकटात माणूस मिळाला. पूर्वी छापील चुका काढायचे, आता बोलक्या काढते. खोली तशीच आहे. भिंतींना त्याच गोधड्या, पंखा बंद केल्याशिवाय वाचन सुरू होत नाही आणि वाचणाऱ्याची खुर्ची नेमकी 'म्हणून'वर करकरते. तुझा नियमही तसाच चालू आहे: वाचताना चूक झाली की एक टाळी वाजवायची, थांबायचं, आणि वाक्य पहिल्यापासून वाचायचं. पडद्यावर त्या टाळीचा सुळका दिसतो, तो बघून मी चुकलेलं कापते. कापल्यावर उरतं ते पक्कं पुस्तक. टाळ्या, खोकले, 'पाणी दे गं' यांच्यासकट असतं ते कच्चं.

पुस्तक पक्कं झालं की कच्चं काढून टाकायचं, हाही तुझाच नियम. सगळ्यांचं काढलंस. फक्त आईचं ठेवलंस, तिने त्या खोलीत वाचलेलं, चौदा वर्षांचं.

आणि आता ते यंत्राच्या घशात अडकलंय. परवा निवृत्त पोस्टमास्तर करार कायद्याचं पुस्तक वाचत होते. पान एक्केचाळीस, वाक्याच्या मधोमध पडद्यावर पाटी आली: जागा संपली. एका अंध मुलीला या पुस्तकावर ऑगस्टात परीक्षा द्यायची आहे. ती दर दोन दिवसांनी माझ्या मोबाइलवर फोन करते आणि इतकी गोड बोलते की मलाच अपराधी वाटतं. नव्या डिस्कचं अध्यक्षांना विचारलं. म्हणाले, "पुढच्या बैठकीत विषय घेऊ." बैठक सप्टेंबरात आहे.

तेव्हा काही काढू नकोस म्हणणं सोपं आहे. तू लांब आहेस.

तुझी डिस्क आली की बघू. माझा फोन नंबर बदललाय. तो तुला कळवायचा नाही असं मी तेव्हाच ठरवलं होतं, आणि मी ठरवलेलं सहसा मोडत नाही. पत्रच लिही.

— धाकटी

९ जून

ताईस,

'होऊन जाईल' आठवतो? तोच तो, संगणक दुरुस्त करणारा. काहीही विचारलं की "होऊन जाईल" म्हणायचा, म्हणून आईने त्याचं हे नाव ठेवलं. आता डोक्यावर केस राहिलेले नाहीत, वाक्य राहिलंय. काल आला आणि यंत्रात एक सॉफ्टवेअर घालून गेला. डिस्कवर कोणी किती जागा अडवली आहे ते त्यात दिसतं.

अगं, काय बघण्यासारखं आहे. अर्धा तास यंत्र स्वतःचंच पोट चाचपत बसतं, आणि मग पडद्यावर रंगीत चौकोनांचा नकाशा येतो. प्रत्येक फाइलचा एक चौकोन. फाइल जितकी मोठी, तितका चौकोन मोठा. मला वाटलं होतं, हजार पुस्तकांनी जागा व्यापली असेल. छे. तीनशे पाच जीबीत सगळी पक्की पुस्तकं कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. बाकी नकाशाभर निळे चौकोन. निळ्यावर बाण नेला की नाव येतं: कच्चं – आई. चारशे बारा जीबी.

माणसांचाही असा नकाशा निघायला हवा. अध्यक्षांच्या डोक्याचा काढला तर सगळा एकाच रंगाचा निघेल, आणि रिकामा तर रिकामा, जागा नाही म्हणून कुरकुर करेल.

त्यांना दाखवायला मी त्या फोल्डरमधल्या फायलींची यादी छापून घेतली, मोठी आधी आणि लहान शेवटी अशा क्रमाने. तेरा पानं झाली. त्यांनी वजन केल्यासारखी ती हातावर तोलली आणि म्हणाले, "बाई, इमारत उभी राहिल्यावर परांची कोणी ठेवतं का?" मी म्हटलं, "साहेब, परांचीवर माणूस होतं." तर म्हणाले, "ते आता नाही ना?" तुला वाटेल मी त्यांच्या बाजूची आहे. मी कोणाच्याच बाजूची नाही. पण यादी त्यांनी फायलीला लावली आणि निकाल मात्र माझ्यावर सोडला.

आता खरी गोष्ट. नकाशात निळ्या चौकोनांचा तसाच, तेवढाच आणखी एक गठ्ठा आहे. चारशे बाराच जीबी. आत त्याच फायली, त्याच नावांच्या. त्या फोल्डरचं नाव आहे: धाकटीसाठी.

वा. म्हणजे एक प्रत कमी पडेल म्हणून दुसरी. इथे मुलीचं पुस्तक पान एक्केचाळीसवर अडलंय आणि तुम्ही मायलेकींनी दोन-दोन खोल्या अडवून ठेवल्यात. आणि माझ्यासाठी काय म्हणून? आई गेली त्या आठवड्यात, भेटायला आलेल्या सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "ताईने आईला वाचायला लावून लावून संपवलं." डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेली, फुप्फुसं थकलेली, आणि तू रोज सकाळी तिला त्या गोधड्यांच्या खोलीत नेत होतीस, सहाशे पानांचं अर्थशास्त्र पूर्ण व्हावं म्हणून. तू एक शब्द बोलली नाहीस. उत्तर नव्हतं म्हणून बोलली नाहीस, असं मी धरून चालले. त्याचाच पुरावा माझ्या नावाची पाटी लावून ठेवलास की काय?

आत काय आहे ते मी ऐकलेलं नाही. वेळ नव्हता.

जे माझ्यासाठी आहे ते माझं. माझं मी काय वाटेल ते करीन. 'कच्चं' तुझं आहे, त्याला हात लावत नाही. दोघींची वाटणी इतकी सरळ आजवर कधी झाली नव्हती.

— धाकटी

१६ जून

ताईस,

'धाकटीसाठी' काढून टाकलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, शांत डोक्याने. यंत्राला अडीच तास लागले. चारशे बारा जीबी मोकळे झाले, अगदी कागदावर लिहावेत तसे. तुझं 'कच्चं' जिथल्या तिथे आहे, पाटी रोज डोळ्यांसमोर असते. डिस्क पाठव आणि घेऊन जा.

पोस्टमास्तर पुन्हा वाचू लागलेत. करार कायदा ते अशा आवाजात वाचतात की प्रत्येक कलम म्हणजे कोणाच्या तरी घरी आलेली वाईट बातमी. आईची सर नाही. 'मागणी आणि पुरवठा' आई अशी वाचायची की वाटावं, दोघांचं जमतंय, फक्त घरच्यांचा होकार यायचा आहे.

त्या परीक्षेच्या मुलीने काल फोनवर विचारलं, "बाई, तुमच्या आईंच्या अर्थशास्त्रात पाचशे अठ्ठ्याऐंशी पानावर एक टाळी राहिली आहे. माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "नाही. कोणी सांगितलं नाही."

"आम्ही सगळे तिला ओळखतो. अभ्यास करताना तिथे आलो की म्हणतो, चला, टाळीपर्यंत झालं."

बावीस वर्षांत एक टाळी सोडली नाहीस आणि शेवटच्या पुस्तकात राहू दिलीस. मनात म्हटलं, बरं झालं. म्हणजे तुझंही लक्ष उडत होतं. सवड मिळाली की मीच ती काढीन. मुद्रितशोधकाला सापडलेली चूक पोटात ठेवता येत नाही, अपचन होतं.

— धाकटी

१ जुलै

ताई,

डिस्क परवा मिळाली. फडक्यात गुंडाळलेली, वर दोन रबरं. फडकं आईच्या जुन्या साडीचं आहे, हे मी ओळखलं. ते मला कळावं म्हणूनच वापरलंस का, हे विचारत नाही.

मी पार्सल लगेच उघडलं नाही. पोस्टमास्तरांची शेवटची तीन प्रकरणं चालू होती. त्यांचं संपलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मग डिस्क जोडली, 'कच्चं – आई' धरलं आणि त्यात सोडलं. चारशे बारा जीबी उतरायला चार-पाच तास जातील असं 'होऊन जाईल' म्हणाला होता. मी चहा करून आणला. बरोबर एक जाडं पुस्तकही आणलं. खुर्चीवर बसले, पेला अजून ओठाला लागला नव्हता, तोच पडद्यावर आलं: पूर्ण झालं.

फोल्डर उघडला. आत काही नव्हतं. बाहेर पाटी, आत झाडून घेतलेली खोली.

तेव्हा पार्सलच्या तळाशी तुझी चिठ्ठी दिसली. माझं नऊ तारखेचं पत्र वाचून लिहिलेली. 'धाकटे, दोन नाहीत. एकाच खोलीची दोन दारं आहेत. हात लावू नकोस.' तारीख पंधरा जून. मी सोळाला तुला विजयाचं पत्र लिहिलं, आणि काढून टाकलं ते त्याच्याही आधी, दहाला. म्हणजे तू कितीही घाई केली असतीस तरी उपयोग नव्हता. हे मी तुला दिलासा म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगते. फोन असता तर एका मिनिटाचं काम होतं. माझा नंबर तुझ्याकडे का नाही ते पहिल्या पत्रात मोठ्या ऐटीत लिहिलंच आहे.

होऊन जाईलला बोलावलं. तो धावत आला. सगळं ऐकलं आणि आधी यंत्राकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"मोठ्या ताईंनीच मला विचारलं होतं," तो म्हणाला. "जाण्याच्या आदल्या आठवड्यात. एकच वस्तू दोघींच्या नावाने ठेवता येते का? मी म्हटलं, होऊन जाईल. सामान एकाच जागी, फक्त दुसऱ्या नावाने एक दार काढून दिलं. तुम्ही दारातून आत शिरून सामान जाळलंत."

"मग त्या सॉफ्टवेअरने दोन का दाखवले?"

"ते मोजतं हो. दिसेल ते मोजतं. कोण कोणाचं हे त्याला कुठे कळतं?" आणि मग, अगदी हळू, जसं डॉक्टर बोलतात तसं: "तुम्ही बेरीज केली नाहीत का? डिस्क नऊशे एकतीसची, त्यातलेही दोनशेच्या वर यंत्राच्या स्वतःच्या सामानाचे. चारशे बारा, चारशे बारा आणि तीनशे पाच. अकराशे एकोणतीस होतात. त्यात मावतील कसे?"

ताई, मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढते. एका लेखकाच्या कादंबरीत बाईचं बाळंतपण अकराव्या महिन्यात झालेलं मी पकडलं होतं. ते आकडे मी स्वतःच्या हाताने तुला लिहिले, आणि बेरीज केली नाही. कारण मला हवं ते उत्तर आधीच मिळालं होतं.

"काढलेलं परत आणता येतं म्हणतात," मी म्हटलं.

तो तास-दीड तास बसला. मग खुर्ची मागे सरकवली. करकरली.

"नाही होणार," म्हणाला.

वीस वर्षांत पहिल्यांदा.

— धाकटी

४ जुलै

ताई,

मागच्या पत्रात दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. लिहिल्याच नसत्या, पण पत्र टाकून आल्यावर जेवण गेलं नाही. तेव्हा उगाच उदात्तपणा नको, पोटासाठी लिहिते.

पहिली. काढून टाकताना त्या सॉफ्टवेअरने विचारलं होतं: साधं काढायचं, की पुन्हा कधीच मिळणार नाही असं पुसायचं? साधं काढलं असतं तर निदान काही हाती लागलं असतं, असं 'होऊन जाईल' म्हणाला. अडीच तास जे लागले ते पुसायला. साधं काढायला दोन मिनिटं लागतात. जागेसाठी पुसायची काही गरज नव्हती. 'पुसा'च्या पुढच्या चौकटीत मी खूण केली. कोणी केली नाही, यंत्राने केली नाही, घाईतही झाली नाही. मी माउस हातात धरून तिथे नेला आणि केली. 'धाकटीसाठी' हे नाव बघून डोक्यात तिडीक गेली होती. आयुष्यभर जे माझ्यासाठी म्हणून आलं ते तुझं वापरून झालेलं: तुझे फ्रॉक, तुझी पुस्तकं, तुझी सायकल. वाटलं, आता आईसुद्धा तुझी वापरून झालेलीच देतेस.

दुसरी. ऐकलं नाही असं लिहिलं होतं. ऐकलं होतं. एक फाइल उघडली, मधूनच कुठलीतरी. आई वाचत होती, बेरोजगारीचे प्रकार. मग धाप लागली. मग टाळी. आपल्याला जेवायला बोलवायची तशीच टाळी गं, कोरडी, एकच. मग पाण्याच्या भांड्याचा आवाज. आणि मग आई तुला म्हणाली, "आज धाकटी—"

मी बंद केलं.

मला वाटलं, तक्रार असणार. आज धाकटी पुन्हा बोलली, आज धाकटीने असं केलं, आज धाकटी आलीच नाही. त्या महिन्यांत मी काय कमी बोलले होते का? आई तुझ्याशी माझ्याबद्दल काय बोलायची, ही भीती मला लहानपणापासून आहे. तुम्ही दोघी काचेच्या एकेका बाजूला, मधे आवाज येणारा-जाणारा, आणि मी दोन्ही बाजूंना नाही. ती तक्रार कानाने ऐकण्यापेक्षा नाहीशी केलेली बरी, इतकं साधं गणित होतं. जागा, परीक्षा, पोस्टमास्तर, अध्यक्ष: सगळी कारणं खरी होती. फक्त ती कारणं नव्हती.

करार कायदा पूर्ण झाला. सीडी त्या मुलीला मिळाली. तिने फोन करून म्हटलं, "बाई, तुमचे उपकार." मी म्हटलं, "आईचे."

— धाकटी

११ जुलै

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर आहे. आता या पत्राला देऊ नकोस असंही म्हणत नाही, कारण शेवटी एक मागायचं आहे.

सोमवारी अध्यक्षांकडे गेले आणि ती तेरा पानं मागितली. म्हणाले, "आता कशाला? काम झालं ना?" मी म्हटलं, "झालं, म्हणूनच." कपाटातून काढून दिली. एकावर कपाचा गोल डाग पडलाय.

त्या यादीत मोठ्या फायली आधी, लहान शेवटी. तेव्हा मी फक्त आकडे वाचले होते. नावं वाचली नव्हती. तू दर फायलीला तारीख आणि चार शब्द लिहून ठेवायचीस, हे मला चार वर्षांत कळलं नाही. कळायला काय, नावं तर समोरच होती. घरी आले, खाट उभी करून भिंतीला लावली आणि कात्री घेऊन एकेक ओळ कापली. साडेआठशेच्या वर पट्ट्या निघाल्या. त्या जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. दोन दिवस लागले. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर आई उडून जायची.

शेवटच्या पुस्तकाच्या पट्ट्या अशा लागल्या, जशाच्या तशा उतरवते:

'१२ जानेवारी – अर्थशास्त्र सुरू – आवाज छान'
'३० जानेवारी – थांब म्हटलं, ऐकलं नाही'
'९ फेब्रुवारी – डॉक्टरांचं सांगितलं, गप्प बस म्हणाली'
'१७ फेब्रुवारी – यंत्र बिघडलंय असं खोटं सांगितलं, तिला कळलं'
'१८ फेब्रुवारी – माझ्याशी बोलत नाही, वाचते आहे'
'२ मार्च – उद्या नको म्हटलं. म्हणाली, घरी भिंती ऐकतात, इथे निदान मुलं ऐकतात'
'७ मार्च – धाकटीबद्दल – कापू नये'
'१५ मार्च – शेवटचं पान – धाकटीला सांगू नको म्हणाली, ती मला घरी बसवेल'

आणि प्रत्येकीपुढे आकार. बारा जानेवारीला एक जीबीच्या वर, म्हणजे दोन तास. मग दीड तास, एक, पाऊण. दोन मार्चला चाळीस मिनिटं. पंधरा मार्चची फाइल इतकी लहान की यादीत ती शेवटच्या पानावर तळाला होती. अकरा मिनिटं. आईचा दम कसा उतरत गेला ते त्या सॉफ्टवेअरने मला पहिल्याच दिवशी काढून दिलं होतं. मी ते आकाराने लावून घेतलं, कारण मला सगळ्यात मोठं काय आहे तेवढंच काढून टाकायचं होतं.

तू तिला वाचायला लावलं नव्हतंस. तू दोन महिने 'थांब' म्हणत होतीस, आणि ती तुझ्याकडून मला न सांगण्याचं वचन घेत होती. ते तू भर माणसांत, मी बोलत असतानाही पाळलंस. मग जाताना मोडलंस, तेही अर्धवट. तोंडाने सांगितलं नाहीस, दार काढून ठेवलंस. मी चार वर्षं त्या दाराशेजारी बसून इतरांचे खोकले कापले.

मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा सुधारणाही सगळ्यांसमोर व्हायला हवी. म्हणून मावशीला फोन केला. मावशीला सांगितलं की सगळ्यांना सांगितल्यासारखंच आहे, ते अध्यक्षांच्या बैठकीपेक्षा लवकर होतं. म्हटलं, "मावशी, मी तेव्हा चुकीचं बोलले. ताई तिला थांबवत होती."

मावशी म्हणाली, "अगं, ते आम्हाला माहीतच होतं."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच. तुझ्या आईनेच सांगितलं होतं मला. मोठी बोलणी खाईल पण सोसेल, म्हणाली."

"मग तेव्हा कोणी बोललं का नाही? मला चार वर्षांत कोणी सांगितलं का नाही?"

"तुला?" मावशी हसली नाही गं, नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तू बोलायला लागलीस की मधे कोणाला जागा असते का?"

फोन ठेवला.

तुझी डिस्क परत पाठवते आहे, त्याच फडक्यात. तीत आईची सगळी पक्की पुस्तकं उतरवली आहेत, त्रेसष्ट. त्यांत ती कुठेच चुकत नाही, कुठेच थांबत नाही, पाणी मागत नाही. इतकी शहाणी बाई आपल्या घरात कधी राहत नव्हती. फक्त अर्थशास्त्र, पान पाचशे अठ्ठ्याऐंशी: तिथे ती टाळी आहे, टाळीनंतर श्वास, मग "हं", आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून. सवड मिळाली की काढीन म्हणाले होते. मिळाली नाही, हे माझ्या आळसाचं एकुलतं एक पुण्य. ती तुझ्या लक्षातून सुटली नव्हती, हे आता कळतं. तू ती ठेवली होतीस. पट्ट्याही पाठवते आहे, तारखेच्या क्रमाने कोऱ्या वहीत चिकटवून. एक मी ठेवून घेतली. सात मार्चची. मी उघडली होती ती फाइल तीच असणार.

आता मागायचं ते. "आज धाकटी" याच्या पुढे आई काय म्हणाली, ते जगात एकाच माणसाला माहीत आहे. तू काचेबाहेर होतीस, कानांवर हेडफोन होते, आणि नंतर बसून त्या फायलीला 'कापू नये' असं नाव दिलंस. म्हणजे ऐकलं होतंस. आठवत असेल तर लिही, जसं असेल तसं. तक्रार असली तरी लिही. मी ती या वेळी शेवटपर्यंत ऐकीन.

आठवत नसेल तर 'आठवत नाही' एवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही रचू नकोस. दुसऱ्याने घातलेलं वाक्य मला लगेच ओळखू येतं.

फोन नंबर पाकिटाच्या मागे आहे. उचलल्यावर मी आधी बोलणार नाही.

— धाकटी